शाळेचा ग्रंथपाल आणि प्रमाणपत्रांचा सुकाळ

एखाद्या गोष्टीची हेळसांड तर करावयाची, पण तिचा बोभाटा मात्र होऊं द्यावयाचा नाहीं, अशी इच्छा असली म्हणजे तिच्यासाठीं एक प्रशिक्षण काढण्याची चाल आमच्याकडे पडली आहे. शाळेच्या ग्रंथालयाचें हल्लीं असेंच झालें आहे. शाळेंत ग्रंथपाल बहुधा नेमला जात नाहीं. नेमला तर पुष्कळ ठिकाणीं अर्ध्या वेळासाठीं. त्या अर्ध्या वेळांत ग्रंथालयाखेरीज बाकीचीं सर्व कामें त्याच्या गळ्यांत. आणि इतकें झाल्यावर त्याच्या कल्याणाची काळजी म्हणून त्यास सांगण्यांत येतें कीं, बाबा रे, तुझ्या व्यवसायाचें सारें ज्ञान आतां तुझ्या हातांतल्या मोबाइलवर येऊन बसलें आहे, फावल्या वेळीं तें घे आणि आपली उन्नति करून घे! ही उन्नति कशी होते, कोणाची होते, आणि शाळेंतल्या मुलाला तिचा काय उपयोग होतो, याचा एकदां स्पष्टपणें विचार व्हावा, म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहों.

गेल्या पावसाळ्यांत एका तालुक्याच्या गांवीं एका माध्यमिक शाळेंत जाण्याचा आम्हांस प्रसंग आला. तेथील ग्रंथपाल मोठे मनमिळाऊ गृहस्थ. त्यांनीं आम्हांस एक जाडजूड फाइल दाखविली. निरनिराळ्या ऑनलाइन व्याख्यानांचीं आणि प्रश्नमंजूषांचीं रंगीत प्रमाणपत्रें तींत क्रमवार लावून ठेविलीं होतीं. बहुतेक प्रमाणपत्रें २०२० व २०२१ या सालांतील, म्हणजे करोनाच्या साथीनें शाळा बंद पडल्या होत्या त्या काळांतील. आम्हीं तीं कौतुकानें चाळलीं आणि मग देवघेवीची नोंदवही पाहावयास मागितली. त्यांचा चेहरा उतरला. वहींतली शेवटली नोंद चार महिन्यांपूर्वींची होती. "काय करूं साहेब," ते म्हणाले, "कोणी शिक्षक रजेवर असला कीं त्याचा तास माझ्याकडे, मग पाठ्यपुस्तकांचें वाटप, मग शिष्यवृत्तीचे अर्ज संगणकावर भरावयाचे. कपाट उघडायला सवड होते तों माझी वेळ संपते." त्या सद्गृहस्थांस आम्ही यत्किंचितही दोष देत नाहीं. परंतु ती भरलेली फाइल आणि ती रिकामी वही यांच्यामध्यें जें अंतर आहे, तोच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

प्रथम एका गैरसमजाचें निरसन करूं. ऑनलाइन शिक्षण म्हटलें कीं नाक मुरडणाऱ्यांपैकीं आम्ही नाहीं. उलट, शाळेच्या साऱ्या नोकरवर्गांत या साधनाची खरी गरज कोणास असेल तर ती ग्रंथपालासच होय, असें आमचें मत आहे. गणिताच्या शिक्षकास अडलें तर शिक्षकांच्या खोलींत गणित शिकविणारा दुसरा कोणी भेटतो. ग्रंथपाल शाळेंत असला तर एकटाच असतो. आठवींतल्या ज्या मुलाला अक्षरें जुळवितांना अजून धांप लागते, त्याच्या हातीं कोणतें पुस्तक द्यावें? जीर्ण पुस्तकें केव्हां काढून टाकावीं? पुस्तकें हरवतील या धास्तीनें कपाटास कुलूप ठोकणाऱ्या मुख्याध्यापकांची समजूत कशी घालावी? असले प्रश्न गडचिरोलीच्या ग्रंथपालानें सावंतवाडीच्या ग्रंथपालास घरबसल्या विचारावे आणि त्याच दिवशीं त्यांचें उत्तर मिळावें, ही सोय मागच्या पिढीला स्वप्नांतही नव्हती. १९८९ सालीं नाशिक येथें स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठानें नोकरी सांभाळून ग्रंथालयशास्त्राची पदवी घेण्याची वाट मोकळी करून दिली, हेंही उपकारच मानावयाचे. तेव्हां आमचें भांडण साधनाशीं नाहीं. साधनाच्या आड लपणाऱ्या वृत्तीशीं आहे.

दूरच्या ग्रंथपालास शिकवीत राहण्याची कल्पना कांहीं आजची नव्हे. श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांनीं १९१० सालीं विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणविलें. दुसऱ्याच वर्षीं तेथें ग्रंथपालांचा वर्ग उघडला. संस्थानांतील खेड्यापाड्यांस पुस्तकांच्या फिरत्या पेट्या जाऊं लागल्या, मुलांसाठीं निराळी व्यवस्था झाली, आणि १९१२ पासून 'लायब्ररी मिसेलनी' हें नियतकालिक इंग्रजीबरोबर गुजराथी व मराठी या भाषांतूनही निघूं लागलें. वर्ग आटोपून आपापल्या गांवीं परतलेल्या माणसाचें ज्ञान गंजूं नये म्हणून टपालानें चालविलेली ती शाळाच होती, असें म्हटल्यास चालेल. पण यांतला क्रम वाचकांनीं ध्यानांत घ्यावा. आधीं ग्रंथालय, मग त्याला माणूस, मग त्या माणसाचें शिक्षण, आणि सरतेशेवटीं तें शिक्षण ताजें ठेवणारें नियतकालिक! शंभर वर्षांनंतर आम्हीं हा क्रम नेमका उलटा केला आहे. शिक्षण आधीं आणि वारेमाप. माणूस मागाहून, जमल्यास.

हें आम्ही आकसानें बोलत नाहीं. २००९ सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्याची अनुसूची कोणीही काढून पाहावी. प्रत्येक शाळेंत ग्रंथालय असावें, तेथें वर्तमानपत्रें, मासिकें आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांचीं पुस्तकें असावीं, असें तींत आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुलें असल्यास कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठीं अंशकालीन निदेशक असावे, असेंही आहे. 'ग्रंथपाल' हा शब्द मात्र त्या अनुसूचींत शोधूनही सांपडत नाहीं. २०१८ पासून चालू झालेल्या समग्र शिक्षा योजनेनें सरकारी शाळांच्या ग्रंथालयांस दरसाल ५,००० पासून २०,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद केली. म्हणजे पुस्तकें आलीं, पण तीं उघडून मुलांपुढें धरणारा हात आला नाहीं. विहीर खणावी, तिला चिरेबंदी कठडा बांधावा, आणि पोहरा तेवढा देऊं नये, अशांतला हा प्रकार झाला. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें शिक्षकानें दरसाल निदान ५० तास आपल्या व्यावसायिक विकासासाठीं द्यावे असें म्हटलें आहे, आणि मुख्याध्यापकांसही तोच नेम घालून दिला आहे. ग्रंथालयांत पुरेसा सेवकवर्ग असावा व त्याच्याही विकासाची सोय व्हावी, हें वाक्य त्याच धोरणांत आहे खरें; पण तें प्रौढशिक्षणाच्या प्रकरणांत, आणि तेथें तासांचा आंकडा नाहीं! ज्या गोष्टीला आंकडा नाहीं तिला वेळापत्रकांत जागा नाहीं, हें शाळेंत एक वर्ष काढलेला कोणीही सांगेल.

आतां जें शिकविण्यांत येतें त्याकडे वळूं. शाळेच्या ग्रंथपालास बोलावून जीं व्याख्यानें होतात, त्यांतील पुष्कळशीं मुळांत विद्यापीठांच्या व महाविद्यालयांच्या ग्रंथालयांसाठीं योजिलेलीं असतात. 'कोहा' ही संगणकप्रणाली कशी चालवावी, 'शोधगंगे'तले प्रबंध कसे शोधावे, संशोधनांतील वाङ्मयचौर्य कसें ओळखावें, हे विषय आपापल्या ठिकाणीं महत्त्वाचेच आहेत. पण ज्याच्या ताब्यांत दोन लोखंडी कपाटें आहेत आणि ज्याचा वाचक अकरा वर्षांचा आहे, त्यानें त्या प्रबंधांचें काय करावें? बरें, हें सर्व बहुधा इंग्रजींत, फार झालें तर हिंदींत. ज्या मुलास मराठींत वाचावयास लावावयाचें त्याच्या ग्रंथपालाशीं मराठींत चार शब्द बोलण्याची कोणास गरज वाटूं नये, हें नवल नव्हे काय? आणि सर्वांत मोठें नवल असें कीं, या साऱ्या उद्योगांत ग्रंथपालास मुलांचें एकही पुस्तक वाचावें लागत नाहीं. जो सुगरण घडवावयाचा त्याला चुलीची रचना, भांड्यांची मांडणी आणि जिन्नसांची यादी शिकवावी, पण पदार्थाची चव मात्र घेऊं देऊं नये, अशी ही पाकशाळा आहे!

शिकविण्याची रीतही तशीच. एक वक्ता बोलतो, शेंकडों श्रोते आपापल्या घरीं पडदा चालूं ठेवून स्वयंपाक, पोळ्या, मुलांचा अभ्यास उरकीत असतात. शेवटीं हजेरीचा तक्ता भरावयाचा, दहा प्रश्नांवर खुणा करावयाच्या, कीं प्रमाणपत्र दारीं हजर. श्रोत्यानें प्रश्न विचारला नाहीं तरी चालतें. दुसऱ्या दिवशीं कपाट उघडलें कीं नाहीं, हें तर कोणी विचारीतच नाहीं. मनांत आणलें तर यापेक्षां चांगलें करतां येत नाहीं असें नाहीं. टाटा ट्रस्टांच्या 'पराग' या उपक्रमानें ग्रंथालय-शिक्षकांसाठीं चालविलेला अभ्यासक्रम कित्येक महिने चालतो. त्यांत दूर राहून करावयाचा अभ्यास आहे, प्रत्यक्ष एकत्र जमणें आहे, मुलांचीं पुस्तकें वाचणें आहे, आणि शिकलेलें आपल्या ग्रंथालयांत करून दाखविणेंही आहे. तो हिंदी व इंग्रजी भाषांतून चालतो. मराठींत तसें कां होऊं नये? २०१७ सालीं निघालेल्या 'दीक्षा' या सरकारी व्यासपीठावर २०२० पासून 'निष्ठा' योजनेचे पाठ शिक्षकांसाठीं ठेवण्यांत आले. म्हणजे सरकारनें ठरविलें तर मोठ्या समुदायापर्यंत पोंचण्याची सोय त्याच्याजवळ सिद्ध आहे. उणीव यंत्राची नाहीं, इच्छेची आहे.

यावर एक आक्षेप हटकून येतो. "साहेब, सर्व कांहीं फुकट उपलब्ध आहे, ज्याला शिकावयाचें तो शिकतो, बाकीच्यांना बहाणे हवे असतात." हा आक्षेप घेणारे बहुधा पूर्ण वेळाच्या, पूर्ण पगाराच्या आणि पंख्याखालच्या नोकरींत असतात, एवढें नमूद करून आम्ही उत्तर देतों. आळशी माणसें ग्रंथपालांत असतील; तशीं तीं कोठें नसतात? पण अर्ध्या वेळाच्या वेतनावर संसार रेटण्यासाठीं उरलेला दिवस दुसऱ्या कामांत घालविणाऱ्या माणसानें आपली रात्रही शाळेस द्यावी, आणि न दिली तर त्याला आळशी म्हणावें, हा न्याय नव्हे. शिक्षकांचें प्रशिक्षण हें शाळेचें काम आणि ग्रंथपालाचें प्रशिक्षण ही त्याची खासगी हौस, असा भेद ज्यानें केला त्यानें ग्रंथालय शाळेचा भाग नाहीं हेंच कबूल केलें. 'उपलब्ध आहे' हा शब्द फार फसवा आहे. त्या तालुक्याच्या शाळेंतलीं पुस्तकेंही 'उपलब्ध'च होतीं, कुलपाच्या आंत!

मग करावें काय? आमच्या मागण्या थोड्या आणि साध्या आहेत. पहिली, ग्रंथपालाच्या शिक्षणाचे तास शाळेच्या वेळांतले असावे, वेळापत्रकांत लिहिलेले असावे, आणि त्या तासांत त्यास दुसऱ्या कोणत्याही कामास जुंपूं नये. जेथें ग्रंथपाल नसून एखाद्या शिक्षकाकडे ग्रंथालयाचा भार आहे, तेथें त्या शिक्षकासही हाच नियम लागू असावा. दुसरी, हें शिक्षण मराठींत असावें आणि त्याचा आरंभ मुलांच्या पुस्तकांच्या वाचनानें व्हावा. साधनांची वाण नाहीं. १९७१ पासून निघणाऱ्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक आज ऑनलाइन वाचावयास मिळतात. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी गोष्टी मोफत आहेत. ग्रंथपालानें महिन्यास चार पुस्तकें वाचावीं आणि त्यांपैकीं एक वर्गांत मोठ्यानें वाचून दाखवावें, एवढ्यानेंच पुष्कळ काम होईल. तिसरी, शेंकडों श्रोत्यांच्या सभेऐवजीं दहा-पंधरा ग्रंथपालांचे लहान गट करावे. त्यांनीं वर्षभर पडद्यावर एकमेकांस भेटावें, आपल्या अडचणी सांगाव्या, आणि वर्षांतून एकदां तरी एकमेकांच्या ग्रंथालयांत पाऊल टाकावें. चौथी, आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची अशी, कीं या शिक्षणाचें प्रमाणपत्र छापूंच नये. त्याचा दाखला देवघेवीच्या नोंदवहींत शोधावा. शिक्षणापूर्वीं महिन्यास किती पुस्तकें बाहेर गेलीं, आणि नंतर किती? किती मुलांनीं दुसरें पुस्तक मागितलें? एवढे दोन प्रश्न विचारले तर कोणतें प्रशिक्षण खरें आणि कोणतें नाटकी, हें सहा महिन्यांत कळून येईल.

शेवटीं, ज्यांचीं मुलें शाळेंत जातात त्या आमच्या वाचकांस एक विनंती. आपण शाळेच्या निकालाची चौकशी करतां, शिकवणीची करतां, बसगाडीची करतां. आतां पालकसभेस जाल तेव्हां शाळेचा ग्रंथपाल कोण, तो किती वेळ असतो, आणि आपल्या मुलानें या वर्षीं तेथून कोणतें पुस्तक घरीं आणलें, हे तीन प्रश्न अवश्य विचारा. २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा दिवस राज्यांत वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशीं पुष्कळ शाळांत कपाट उघडतें, पुस्तकें टेबलावर मांडलीं जातात, छायाचित्र निघतें, आणि संध्याकाळीं कुलूप पुन्हा लागतें. वर्षाचे बाकीचे दिवस तें उघडें राहावें, अशी आपली इच्छा असेल तर किल्ली ज्याच्या हातीं आहे त्या माणसास आधीं वेळ मिळवून द्या. आम्हीं पाहिलेल्या त्या गृहस्थांस शिकण्याची हौस नव्हती असें कोण म्हणेल? ती सारी हौस एका फाइलींत बंद होऊन पडली होती, आणि तिच्याजवळच, कुलुपाच्या आंत, मुलांचीं पुस्तकें पडलीं होतीं.