गोळी बंद करण्याआधी

मैत्रिणींनो, आजचा विषय चारचौघींत काढायचा नाही, असंच आपल्याला शिकवलंय. र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' काढून या गोष्टी मराठीत लिहिल्या, तरी आपली जीभ अजून अडखळते.

धाराशिव जिल्ह्यात नापिकी आणि कर्जानं कितीतरी घरं पोखरली. २०१५ मध्ये सरकारनं शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत आपलाही जिल्हा होता. आशाताई घरोघरी जाऊन खचलेल्या माणसांची विचारपूस करू लागल्या. औषधानं माणूस सावरतो, जेवतो, शेतात जातो. पण काही घरांत नवी अडचण उभी राहते, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्या सेरोटोनिन नावाच्या रसायनाचा प्रभाव वाढवतात. ते ज्या पेशींवर काम करतं, तिथं त्याचे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर असतात. कुलपाला किल्ली बसावी तसं. मात्र ही कुलपं अनेक प्रकारची! मेंदूतल्या काहींमुळे मन सावरतं, तर काहींमुळे कामेच्छा मंदावते, वीर्यस्खलन लांबतं. पुरुषाच्या इंद्रियातल्या स्पंजासारख्या भागातही असे रिसेप्टर आहेत. ताठरता यायला तिथले स्नायू सैल होऊन रक्त भरावं लागतं. सेरोटोनिन मात्र त्यांना आवळू शकतं. म्हणजे हा ना त्याच्या मर्दानगीचा दोष, ना तुमच्या रूपाचा.

पण घरात काय होतं? तो लाजेनं गप्प. तिला वाटतं, ह्यांचं मन उडालं. मग एक दिवस तो गुपचूप गोळी सोडतो. अचानक सोडली की चक्कर, चिडचिड, झोपमोड होते आणि नैराश्यही परतू शकतं. मला खरी भीती त्याची वाटते.

म्हणून दोघं मिळून डॉक्टरांकडे जा, स्पष्ट सांगा. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. साखर, रक्तदाब, दारू-तंबाखू यांचाही वाटा असतो. तेही तपासून घ्या. दुकानातून 'ताकदीची' गोळी परस्पर आणू नका. हृदयविकाराच्या नायट्रेट औषधांसोबत ती जिवावर बेतू शकते. आणि हो, या गोळ्या घेणाऱ्या बाईचीही इच्छा मंदावू शकते. तिनंही संकोच करू नये.

समोर बोलवत नसेल, तर 'टेली-मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. पण गोळी बंद करण्याआधी बोला.