मुलाची छाती वाढलेली दिसते: ऑपरेशन लगेच करावे का?

वणी तालुक्यातल्या राजूरमध्ये, म्हणजे कोळसा खाणी आणि चुन्याच्या भट्ट्यांच्या गावात, पोलीस किंवा सैन्यातली नोकरी घराला मोठा आधार देते. भरतीची तयारी करणारा अठरा वर्षांचा मुलगा उन्हाळ्यातही दोन बनियन घालून धावत असेल, तर कारण घरच्यांच्या लक्षात येतेच असे नाही. मित्र त्याला छातीवरून चिडवत असतात. त्याने मोबाईलवर एकदा याबद्दल शोधले की पुढे रोज जाहिराती येऊ लागतात: एका दिवसात घरी, डाग नाही, हप्त्यांची सोय. छाती वाढली कशामुळे, हे मात्र या जाहिराती विचारत नाहीत. पैसे भरण्याआधी तुम्ही तोच प्रश्न विचारायला हवा.

आधी पाहायचे असते ते हे की वाढ चरबीची आहे की स्तनग्रंथीची. डॉक्टर रुग्णाला पाठीवर झोपवून दोन बोटांनी निप्पलभोवतीचा भाग तपासतात. निप्पलच्या खाली रबरासारखी चकती लागली तर ती ग्रंथी, आणि तिलाच गायनेकोमास्टिया म्हणतात. सगळे मऊ लागले तर बहुधा चरबी, आणि तिथे वजन कमी करण्याचा उपयोग होतो. ग्रंथी मात्र दंड-बैठकांनी जात नाही, हे मुलाला स्पष्ट सांगा. नाहीतर तो स्वतःलाच आळशी समजत राहतो.

मुलगा तेरा-चौदा वर्षांचा असेल तर बहुतेक वेळा थांबणे हाच उपचार असतो. पुरुषांच्या शरीरातही इस्ट्रोजेन हे हार्मोन थोड्या प्रमाणात असते. वयात येताना त्याचे आणि टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण काही काळ बिघडते. जवळपास निम्म्या मुलांमध्ये यामुळे कमी-अधिक गाठ येते, कधी दुखतेही, आणि सहा महिने ते दोन वर्षांत बहुतेकांची आपोआप जाते. आठवीतल्या मुलाला ऑपरेशनच्या टेबलावर नेण्याची घाई मला पटत नाही. गाठ दाबून पाहण्याची सवय तेवढी मोडा.

अठरा-वीस वर्षांच्या मुलाची गाठ दोन वर्षांहून जुनी असेल, तर गोष्ट वेगळी. ग्रंथीत तोवर तंतुमय ऊती तयार झालेल्या असतात. टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्या काही डॉक्टर सुरुवातीच्या, दुखऱ्या अवस्थेत काही महिने देतात. जुन्या गाठीवर त्यांचा फारसा परिणाम होत नाही. या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणू नका. अशा मुलाला ऑपरेशन हवे असेल, तर ते लाड किंवा फॅशन म्हणून उडवून लावू नका. तो पोहायला जात नसेल, लग्नाचा विषय टाळत असेल, तर त्रास खरा आहे.

मात्र ऑपरेशनआधी कारण शोधायलाच हवे. जिममध्ये कोणी इंजेक्शन किंवा गोळ्या दिल्या का, हे मुलाला एकट्याला विचारा, रागावू नका. बाहेरून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीर इस्ट्रोजेनमध्ये बदलते. ते चालूच राहिले तर ऑपरेशननंतरही वाढ परत येऊ शकते. मोठ्या वयाच्या पुरुषांत दारूमुळे खराब झालेले यकृत, किडनीचा आजार, थायरॉईड, तसेच स्पायरोनोलॅक्टोन, फिनास्टेराइड, रिस्पेरिडोनसारखी औषधे ही कारणे असतात. पण औषध स्वतःहून बंद करू नका. ते बदलता येईल का, हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

आणखी एक तपासणी मुले लाजेमुळे टाळतात आणि घाईच्या क्लिनिकमध्ये राहूनही जाते: वृषणांची. वृषणातली गाठ तरुण वयातच जास्त आढळते आणि छातीची वाढ हे तिचे पहिले लक्षण असू शकते. वृषण लहान आणि टणक असतील तर क्लाईनफेल्टर सिंड्रोम हा जन्मजात दोष तपासावा लागतो. त्याचा संबंध पुढे मूल होण्याशीही आहे.

एकाच बाजूची टणक, निप्पलपासून बाजूला असलेली गाठ, निप्पलमधून रक्त, आत ओढलेली कातडी, काखेत गाठ, यांपैकी काहीही असेल तर वाट पाहू नका. स्तनाचा कर्करोग पुरुषांनाही होतो. एकूण रुग्णांत त्यांचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास असते, पण अनेकजण उशिरा येतात.

आता भरतीबद्दल. महाराष्ट्र पोलीस भरतीत पुरुषांची छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर आणि फुगवून ५ सेंटिमीटर जास्त लागते. हे घेराचे मोजमाप आहे, त्यात आकार पाहत नाहीत. सैन्यदलांच्या वैद्यकीय निकषांत मात्र गायनेकोमास्टियाचा उल्लेख आहे आणि ऑपरेशननंतर काही आठवड्यांचे अंतर लागते. म्हणून तारीख जाहीर झाल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही. त्या-त्या जाहिरातीतला वैद्यकीय परिच्छेद आधीच वाचा.

ऑपरेशनमध्ये चरबी नळीने ओढून घेतात आणि ग्रंथी निप्पलच्या कडेच्या छोट्या छेदातून काढतात. नंतर काही आठवडे घट्ट पट्टा घालावा लागतो. रक्त साचणे, निप्पल खोल जाणे, बधिरपणा, दोन बाजूंत फरक राहणे हे होऊ शकते. म्हणून कोण ऑपरेशन करणार, हे विचारा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले होते की यूट्यूब किंवा कार्यशाळा पाहणे हे अशा सौंदर्य शस्त्रक्रियांसाठी पुरेसे प्रशिक्षण नाही. प्रशिक्षित प्लास्टिक सर्जन किंवा जनरल सर्जन आहे का, भूल देणारे डॉक्टर हजर असतील का, काढलेली ग्रंथी तपासणीला पाठवणार का, याची उत्तरे मिळाली नाहीत तर उठून या.

मेडिक्लेममध्ये सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया सहसा वगळलेली असते. वैद्यकीय गरज असल्याचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लेखी दिले तरच दाव्याला आधार मिळतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या यादीत तुमचे ऑपरेशन बसते का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा.

राजूरहून सुरुवात वणीच्या सरकारी दवाखान्यातून करा. वेकोलित नोकरी असेल तर कंपनीच्या दवाखान्यातून. पुढे चंद्रपूर किंवा यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे घ्या, आणि मुलगा जिममधली पावडर घेत असेल तर तो डबाही पिशवीत टाका.