राखेची वीट : माती वाचेल, पण घाई नको

नेवासा : शेतातली वरची माती एकदा वीटभट्टीला दिली की पुन्हा तयार व्हायला पिढ्या जातात. केंद्राने १९९९ च्या अधिसूचनेने विटांत औष्णिक वीज केंद्रांची राख घालणे सक्तीचे केले, ते याचसाठी.

या राखेत चुना, सिमेंट, जिप्सम कालवून चिमूटभर ॲल्युमिनियमची पूड टाकली की वायू सुटतो, मिश्रण इडलीच्या पिठासारखे फुगते. दाबाच्या वाफेत पक्के होते. वजन घनमीटरला सुमारे ६०० किलो, भाजक्या विटेचे १,६०० च्या पुढे.

सोनई, भेंड्याच्या साखर कारखान्यांतली बगॅसची राख मात्र निराळी. तीत बऱ्याचदा अर्धवट जळालेला कोळसा राहतो. तपासणीशिवाय वापरू नये.

आणि भिंत हलकी म्हणून काळ्या रानात पाया उथळ घेऊ नका. फुगणारी माती हलकी भिंत उलट सहज उचलते, तडे जातात. घरकुलाचा पाया आखतानाच ग्रामपंचायतीने हे पाहावे.