रेझांग ला आणि पराभवाचा हिशेब

संपादक महाशय,



१९६२च्या भारत-चीन युद्धाचा हिशेब मांडताना, हरलेल्या लढाईतील शौर्याचे गोडवे गाणे ही निव्वळ आत्मवंचना होय, असा जो निवाडा गेल्या अंकातील पत्रलेखकांनी दिला आहे, तो धोरण आणि पराक्रम या दोन निराळ्या खात्यांतील रकमा एकाच खतावणीत ओढणारा आहे.

रेझांग ला या सोळा हजार फुटांहून अधिक उंचीच्या खिंडीत, १८ नोव्हेंबरच्या पहाटे, मधल्या डोंगरामुळे आपल्या तोफांचे साहाय्य मिळणे अशक्य असताना आणि अंगावर त्या थंडीला पुरेसे कपडेही नसताना, मेजर शैतान सिंग यांच्या हुकमतीखालील १३ कुमाऊँ पलटणीच्या सुमारे १२० जवानांना लडाखमधील चुशूलची वाट राखावयाची होती. आणि त्यांपैकी शंभराहून अधिक तेथेच पडले. हे बहुतेक हरियाणाच्या सपाट मुलखातील अहीर. बर्फाशी त्यांचा जन्मजात परिचय तो कोठला! १९६३च्या फेब्रुवारीत शोधपथक वर पोहोचले तेव्हा गोठलेले देह खंदकांतच होते. कोणाच्या मुठीत बंदूक, तर शुश्रूषा करणाऱ्या एकाच्या हाती सुई नि मलमपट्टी.

तरतुदीत कसूर करणाऱ्यांना जाब अवश्य विचारावा. त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु तो विचारण्याचा अधिकार ज्यांच्या मरणाने आपणांस दिला, त्यांनाच पराभवाच्या बाकीत जमा धरणे हा न्याय नव्हे.

आपला,
एक वाचक