बाळ कडेवर, वही हातात

गेल्या महिन्यात एका वाचक भगिनीचा फोन आला. एम.ए. झालेली, पीएच.डी.ला नाव नोंदवलेले, बाळ पाच महिन्यांचे. संशोधनासाठी तिला गावोगाव फिरून बायकांच्या मुलाखती घ्यायच्या आहेत. घरचे म्हणतात, "आई झालीस, आता पुरे." तिने विचारले, "मी काय करू? माझे चुकते आहे का?"

आम्हाला तिला लगेच उत्तर देता आले नाही. कारण काही वर्षांपूर्वी 'आता पुरे' म्हणणाऱ्यांत आम्हीच होतो. म्हणून या महिन्यात दुसऱ्या कोणाला उपदेश न करता आमच्याच घरची गोष्ट सांगतो.

आमची सून समाजशास्त्रात पीएच.डी. करते. विषय आहे कोकण किनाऱ्यावर मासळी विकणाऱ्या बायका, त्यांची उधारी आणि त्यांचा हिशेब. लग्नाआधीच नाव नोंदवलेले होते, आम्हाला ते माहीत होते, अभिमानही होता. चार लोकांत आम्ही सांगायचो, "आमची सून डॉक्टर होणार, दवाखान्यातली नव्हे, विद्यापीठाची." पण नात झाली आणि आमचा अभिमान आपोआप मागच्या खोलीत गेला. नात आठ महिन्यांची असताना सूनबाईंनी विषय काढला की दापोली तालुक्यात हर्णै बंदरावर दोन महिने राहावे लागेल. आम्ही ताडकन म्हणालो, "अंगावर पिणारे लेकरू घेऊन माशांचा लिलाव बघायला जाणार? पुस्तके घरी बसून वाचता येत नाहीत का?"

ती काही बोलली नाही. बाळाला घेऊन आत गेली. त्या रात्री जेवणाच्या दस्तरखानावर कोणीच धड जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी मुलाने आम्हाला समजावले. म्हणाला, "अम्मी, हे काम पुस्तकात नाही. त्या बायका कोणाकडून उधार घेतात, कशी फेडतात, हे कोणी लिहूनच ठेवलेले नाही. तिथे बसून, त्यांच्यासोबत राहून, पुन्हा पुन्हा विचारूनच ते कळते. आणि पुढे ढकलायचे म्हटले तरी किती? 1 जूनला मासेमारी बंद होते ती 31 जुलैपर्यंत. बंदर ओस पडले की ती कोणाला भेटणार?" म्हणजे हंगाम आमच्या सोयीने थांबणार नव्हता, आणि बाळाचे दुधाचे वयही थांबणार नव्हते. दोन्ही एकाच वेळी आले होते. बायकांच्या आयुष्यात बहुधा असेच होते.

आम्ही तरी हट्ट सोडला नाही. मनात होते की दीन आपल्या बाजूने आहे. आईचे पहिले काम मूल, हे कोण नाकारील? म्हणून कुरआनचा अनुवाद उघडला, सूरह अल-बकरातली 233 वी आयत काढली. दोन वर्षे दूध पाजण्याची गोष्ट तिथेच आहे, हे ठाऊक होते. पण सगळी आयत सावकाश वाचली तेव्हा आमची बोलती बंद झाली. दूध पाजण्याची पूर्ण मुदत दोन वर्षे सांगितली आहे, ती पूर्ण करू इच्छिणाऱ्यांसाठी. त्याच आयतीत बापावर आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी टाकली आहे. कोणावरही त्याच्या ताकदीबाहेरचा बोजा नाही, असे सांगितले आहे. मुलामुळे आईला त्रास दिला जाऊ नये आणि बापालाही दिला जाऊ नये, असे स्पष्ट म्हटले आहे. दूध तोडायचे असेल तर दोघांनी आपसातल्या राजीखुशीने आणि सल्लामसलतीने ठरवावे. दुसऱ्या बाईकडून दूध पाजून घ्यायचे असेल तर त्यातही दोष नाही. खुद्द आपल्या पैगंबरांना (स.) हजरत हलीमा सादिया यांनी दूध पाजले, हे तर आपण लहानपणापासून ऐकतो.

आम्ही ही आयत अनेकदा ऐकली होती, पण 'सल्लामसलत' या शब्दापाशी कधी थांबलो नव्हतो. आमच्या घरात सल्लामसलत झालीच नव्हती. हुकूम झाला होता, आणि तोही आमचा.

त्या संध्याकाळी तिघे बसलो. सूनबाईंनी वहीवर हिशेब मांडला. दूध तोडायचे नाही, हे तिचेच पहिले वाक्य होते. मग बाळ सोबत न्यावे लागणार. बंदरावर ती कामात असताना बाळाला कोण बघणार? प्रवासात मेहरम कोण? मुलगा म्हणाला, "न्यायला आणि आणायला मी येतो, दर जुम्म्याच्या रात्री पोहोचतो आणि इतवारी निघतो." राहिला बाळाचा प्रश्न. दोघांनी एकमेकांकडे पाहिले, आमच्याकडे पाहायची हिंमत कोणाला झाली नाही. शेवटी आम्हीच म्हणालो, "आम्ही येतो."

खरे सांगायचे तर ते उदारपणाने म्हटले नाही. नात दोन महिने डोळ्यांआड जाईल, हे सहन झाले नसते.

हर्णैला एका घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने मिळाल्या. सुवर्णदुर्ग समोर समुद्रात दिसतो. होड्या खोल पाण्यात थांबतात, बैलगाड्या पाण्यात उतरून मासळी काठावर आणतात, आणि वाळूवर लिलाव सुरू होतो. बर्फ, टोपल्या, ओरडा, वास. पहिल्या दिवशी आम्ही पदराने नाक झाकले होते. कोळी बायका आणि मुस्लिम मच्छीमार बायका शेजारी शेजारी बसून बांगडा, सुरमई, कोळंबी घेत होत्या.

पहिला आठवडा वाया गेला. सूनबाई वही घेऊन उभी राहायची आणि बायका तोंड फिरवायच्या. 'सरकारी माणूस', 'कर्जवाली', 'पेपरवाली' असे काहीतरी त्यांना वाटत असावे. कोण आपली उधारी अनोळखी बाईला सांगेल? सूनबाई रात्री रडकुंडीला येई. आठव्या दिवशी नातीने भुकेने एवढा गोंधळ घातला की तिला घेऊन आम्हाला बंदरावरच जावे लागले. सूनबाई एका टोपलीमागे, ओढणीचा आडोसा करून, बाळाला पाजायला बसली. शेजारची वयस्क बाई सरकून जागा देत म्हणाली, "बायो, वाऱ्यात बसू नको, लेकराला सर्दी होईल." मग तिने आपली किती लेकरे याच बंदरावर वाढली ते सांगितले. पहिले कसे टोपलीत झोपायचे, दुसऱ्याच्या तापात मासळी कशी नासली, आणि ते नुकसान फेडायला किती महिने लागले. सूनबाईंची वही पिशवीतच होती. ते सगळे तिने रात्री आठवून लिहिले.

त्या दिवसापासून बायका तिला 'बाळाची आई' म्हणू लागल्या. जे बाळ आम्हाला कामातला अडथळा वाटत होते, त्यानेच दार उघडले. त्या बायकांना एवढेच कळायचे होते की ही आपल्यासारखीच आहे, हिलाही लेकरू आणि पोट दोन्ही सांभाळायचे आहे.

यावरून इरावती कर्वे आठवतात. मानववंशशास्त्राच्या या विदुषी 1939 पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. माणसांची मोजमापे आणि नातेसंबंधांची माहिती घेण्यासाठी त्यांनी देशभर प्रवास केला. 1953 साली भारतातील नातेसंबंधांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ आला. तीन मुलांची आई असताना हे झाले, आणि पती दिनकर धोंडो कर्वे यांची त्यांना साथ होती. त्यांचा 'परिपूर्ती' हा लेख मराठी वाचकांना माहीत असेल. सभेत थोर सासऱ्यांची सून, प्राचार्यांची पत्नी, विदुषी अशी ओळख करून दिली जाते, तरी काहीतरी राहिल्यासारखे वाटते. मग रस्त्यावर मुलाच्या वर्गातली पोरे त्यांना 'त्याची आई' म्हणून ओळखतात आणि ओळख पुरी होते. पुष्कळ लोक हा लेख वाचून म्हणतात, बघा, शेवटी बाई ती आईच. आम्हाला त्यात दुसरेही दिसते. आई म्हणवून घेण्यात त्यांना आनंद झाला, पण त्यासाठी त्यांनी प्रवास आणि लेखन सोडले नाही.

आता वाईट दिवसांचेही सांगायला हवे, नाहीतर ही गोष्ट गोडगोड आणि खोटी होईल. पाचव्या आठवड्यात नातीला ताप भरला. रात्री 103 पर्यंत गेला. मुलगा गावी, बाहेर अंधार. घरमालकांनी गाडी काढली आणि दापोलीला दवाखान्यात नेले. तीन दिवस सलाइन. सूनबाई बाळाच्या उशाशी बसून एकच म्हणत होती, "अम्मी, माझ्या हट्टापायी झाले." आमच्या जिभेवर तेच शब्द तयार होते. खोटे कशाला बोला? पण तिचा चेहरा पाहिला आणि आठवले की हिचा नवरा दहा महिन्यांचा असताना आमच्याच घरात, चार भिंतींच्या आत, आमच्याच मांडीवर असाच तापाने फणफणला होता. तेव्हा आम्हाला कोणी विचारले नव्हते की तुम्ही कोणता हट्ट केला. आम्ही तिला एवढेच म्हणालो, "ताप लेकरांना घरातही येतो."

दहा दिवस काम बंद राहिले. त्यातच रमजान सुरू झाला. दूध पाजणाऱ्या आईला रोजे पुढे ढकलण्याची सवलत आहे. ती घेताना सूनबाईंना संकोच वाटत होता. आम्ही म्हटले, अल्लाहने दिलेली सवलत घ्यायला लाज कसली? पैगंबर (स.) नमाज पढवत असताना मागे बाळाच्या रडण्याचा आवाज आला तर आईची घालमेल ओळखून नमाज आटोपती घेत, असे बुखारी शरीफच्या हदीसमध्ये आहे. नात उमामा हिला खांद्यावर घेऊन त्यांनी नमाज पढली, सजद्याला जाताना तिला खाली ठेवले आणि उठताना पुन्हा उचलले, हेही हदीसमध्ये आहे. या दोन हदीस आम्ही नातीला खांद्यावर घेऊन बंदराच्या वाळूत फेऱ्या मारताना पुन्हा पुन्हा आठवल्या. मशिदीच्या जमातीत बाळाच्या रडण्याला जागा होती, तर विद्यापीठात आणि आपल्या घरात का नसावी?

विद्यापीठाचेही ऐका. बाळंतपणानंतर कार्यालयात विचारले तेव्हा सूनबाईंना कोणी धड सांगितले नाही. "मुदत संपत आली, बघा काय करता," एवढेच उत्तर मिळाले. नियम तिने स्वतः शोधून काढले. तुमच्या घरात अशी लेक किंवा सून असेल तर हे लिहून ठेवा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या पीएच.डी. नियमावलीप्रमाणे महिला संशोधकाला पूर्ण कालावधीत 240 दिवसांपर्यंत मातृत्व किंवा बालसंगोपन रजा मिळू शकते. पीएच.डी.ची मुदत किमान 3 आणि कमाल 6 वर्षे. पुनर्नोंदणीने 2 वर्षे वाढू शकतात आणि महिलांना त्यावर आणखी 2 वर्षांची सवलत मिळू शकते, म्हणजे जास्तीत जास्त 10 वर्षे. रजेसाठी लेखी अर्ज करावा आणि पोच घ्यावी. शिष्यवृत्ती असेल तर रजेच्या काळात तिचे काय होते, ते आधीच लेखी विचारावे. बाळंतपणात काही वर्षे गेलेल्या विज्ञान शाखेतल्या मुलींनी केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या वाइज-किरण योजनेची चौकशी जरूर करावी.

आता फोन करणाऱ्या त्या भगिनीला आमचे उत्तर.

बेटी, तुझे चुकत नाही. पण एकटीने सगळे पेलायचा प्रयत्न करू नकोस, त्यात मोडशील. नवऱ्यासोबत बस, सासूला बोलाव, आणि वहीवर मांड: किती दिवस, कुठे, बाळाजवळ कोण, आजारपणात दवाखाना कोणता, पैसे किती. 'मला जायचेय' एवढेच ऐकले की घरचे घाबरतात. पूर्ण हिशेब समोर असला की बोलणे सुरू होते. दोन महिने सलग जमत नसेल तर आठ-आठ दिवसांच्या फेऱ्या कर. घराजवळचे गाव निवडता येत असेल तर मार्गदर्शकांशी बोल. आणि काही दिवस वाया जाणार, हे आधीच धरून चाल.

आणि सासवांनो, आपल्याशीही दोन शब्द. इमाम शाफई (रह.) लहानपणीच बापाला पारखे झाले. त्यांच्या आईने त्यांना गाझाहून मक्केला नेले, कारण मुलाची तरबियत तिथे व्हावी. इल्मसाठी आईने लेकरू घेऊन प्रवास करावा, ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. आज तो इल्म आईला स्वतःलाही हवा आहे, एवढाच फरक.

आमच्या सूनबाईंचा प्रबंध अजून पुरा झालेला नाही. दोन प्रकरणे राहिली आहेत. नात आता चालते, आणि आईची वही दिसली की पेन घेऊन तीवर रेघोट्या मारते. परवा एका पानावर हर्णैच्या त्या वयस्क बाईचा उधारीचा हिशेब होता आणि त्यावर निळ्या शाईचे मोठे वेटोळे. सूनबाई रागावली नाही. तिने पान फाडले नाही, बाजूला तारीख घातली आणि लिहायला बसली. आम्ही नातीला उचलून स्वयंपाकघरात आणले.

अल्लाह तिचे काम पूर्ण करो, आणि तुमच्याही लेकीसुनांचे. आमीन.