जखमेतली वीज

परळीच्या औष्णिक केंद्रातून येणारी, आणि भारनियमनाच्या दिवसांत न येणारी वीज आम्हां दिंद्रुडकरांच्या पुरती परिचयाची आहे. परंतु कातडी फाटताक्षणी आपल्याच अंगातून जी वाहू लागते तिची दखल सहसा कोणी घेत नाही. १८४३ साली एमिल दु ब्वा-रेमाँ या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने स्वतःच्या कापलेल्या बोटातून निघणारा हा अत्यल्प प्रवाह मोजला; आणि त्वचेच्या आतबाहेर असलेला विद्युत्‌दाब जखमेपाशी कोसळताच प्रवाह तिकडे धाव घेतो व नव्या कातडीच्या पेशी त्याच रोखाने सरकतात, हे पुढील संशोधकांनी दाखविले. १९५७ मध्ये फुकादा आणि यासुदा या जपानी द्वयीने हाडावर भार पडला की त्यात विद्युत्‌भार उत्पन्न होतो असे सिद्ध केले, आणि १९७९ साली अमेरिकेच्या औषधखात्याने न जुळणाऱ्या हाडांसाठी विद्युत्‌-उपकरणांस मंजुरी दिली.

तेव्हा विजेने उपचार करण्याच्या या विद्येस थोतांड म्हणण्याचे कारण नाही. हरकत आहे ती तिच्या नावाने मांडलेल्या दुकानदारीस. तोंड वाकडे झालेल्या इसमाच्या गालावर विजेच्या यंत्राची पेनासारखी कांडी टेकविली की पापणी फडफडते, ओठाचा कोपरा उडतो, आणि ‘करंटाने गुण आला’ असे सोबतची मंडळी एकमुखाने ठरवून मोकळी होतात. वस्तुतः अशा बहुतेकांचे तोंड यंत्रावाचूनही काही आठवड्यांत पूर्ववत होते, श्रेय मात्र यंत्राच्या खाती जमा होते.

याहून गंभीर प्रकरण आमच्या ऊसतोड बांधवांचे. फडावर कोयता लागतो, जखम पाचटात मळते, मुकादमाची उचल फिटायची असल्याने पायाला विश्रांती नसते, आणि त्यात मधुमेह अंगात नकळत मुरलेला असला की घाव चिघळतो. अशा जुनाट जखमेला विजेचा उपयोग होतो, नाही असे नाही. परंतु तो धुणे, मृत मांस काढणे, साखर आटोक्यात आणणे आणि पायावरचा भार हलका करणे या चार गोष्टींच्या जोडीला, त्यांच्या बदली नव्हे.

सबब वाचकांस विनंती, की पायाची जखम दोन आठवड्यांत सुकू लागली नाही तर यंत्रापायी पैसे घालविण्यापूर्वी रक्तातील साखर तपासावी आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय गाठावे. आणि ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी डॉक्टरांच्या परवानगीवाचून असल्या यंत्रास हातही लावू नये.

— दिंद्रुडकर