ऐनाचे झाड आणि तीन मंत्रालये

कामानिमित्त बंगळूरला गेलो की चिकपेटमध्ये माझी एक फेरी होतेच. एकेकाळी शहाजीराजांच्या जहागिरीत असलेल्या या शहराची ही जुनी रेशीमपेठ. तेथील बहुतेक माल तुतीच्या रेशमाचा. पण मागितले तर दुकानदार टसरही काढून दाखवतो. टसर म्हणजे आपल्या विदर्भातला कोसा. तुतीवरचा रेशीमकिडा घरात वाढवता येतो, कोशाचा किडा मात्र जंगलात, ऐन आणि अर्जुन या झाडांवर उघड्यावर वाढतो. गडचिरोली जिल्ह्यात आरमोरीच्या परिसरातील ढिवर कुटुंबे पिढ्यानपिढ्या हा उद्योग करीत आली आहेत. ऐन तुटला की कोसा संपला, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही.

प्रशासकीय दृष्टीने या ऐनाची स्थिती मोठी चमत्कारिक आहे. झाड वनखात्याचे, म्हणजे केंद्रात पर्यावरण मंत्रालयाचे. त्यावरील किडा केंद्रीय रेशीम मंडळाचा, म्हणजे वस्त्रोद्योग मंत्रालयाचा. मंडळाचे मुख्यालय याच बंगळुरात आहे. कोसा गोळा करण्याचा हक्क 2006 च्या वनहक्क कायद्याचा. त्यातील गौण वनोपजाच्या व्याख्येत टसर आणि कोश हे दोन्ही शब्द आहेत आणि हा कायदा जनजातीय कार्य मंत्रालयाकडे आहे. लेखाशीर्षे अर्थातच वेगवेगळी. मोठा पैसा मात्र यांपैकी एकाच दाराशी साचला आहे.

तो पैसा ‘कॅम्पा’चा. खाण, धरण वा रस्त्यासाठी वनजमीन वळवली की प्रकल्पाकडून पर्यायी वनीकरणाचा खर्च आणि त्या जंगलाचे निव्वळ वर्तमान मूल्य वसूल केले जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 च्या आदेशापासून ही रक्कम साठत गेली, 2016 साली तिच्यासाठी स्वतंत्र कायदा झाला आणि ऑगस्ट 2019 मध्ये केंद्राने 47 हजार कोटी रुपयांहून अधिक निधी राज्यांच्या हवाली केला. महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे 3 हजार 800 कोटी आले. जंगल गेले ते कुठल्या तरी गावाच्या शिवारालगतचे. भरपाई मात्र वनखात्याच्या खात्यात. 2018 च्या नियमांत ग्रामसभेशी विचारविनिमयाची तरतूद आहे. पण विचारला जाणारा आणि धनादेशावर सही करणारा यांतील अंतर, ज्याने एकदा तरी मार्चअखेर अनुभवली आहे, त्याला समजावून सांगायला नको.

यावर आक्षेप ठरलेला : गावाला हिशेब जमणार नाही. खात्याला तो कितपत जमला, हे महालेखापरीक्षकांच्या 2013 च्या अहवालात पाहावे. भरपाईपोटी मिळावयाच्या सुमारे 1 लाख 3 हजार हेक्टर वनेतर जमिनीपैकी 28 हजार हेक्टरच हाती आली होती आणि प्रत्यक्ष वनीकरण त्याहूनही कितीतरी कमी क्षेत्रावर झाले होते. उलट धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) घ्या. 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाल्यावर आणि 2011 मध्ये बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती आल्यावर या गावाने स्वतः बांबू विकला आणि त्याचा हिशेबही ठेवला. मेंढ्यासारखे नेतृत्व सर्वत्र नसते, हे मान्य. पण पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के अबंध निधी थेट देण्याचा निर्णय आपल्याच राज्याने 2015 साली घेतला आहे. म्हणजे वाट नवी नाही.

गडचिरोलीत हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळालेले आहेत. 2012 च्या सुधारित नियमांनुसार ग्रामसभेच्या समितीने व्यवस्थापन आराखडा करायचा असतो. जेथे असा आराखडा तयार आहे, तेथे कॅम्पातील ठरावीक हिस्सा थेट ग्रामसभेच्या खात्यात जावा, असे माझे मत आहे. नवे खड्डे खणून सागाची रोपे लावण्यासाठी तो नको. उभा ऐन राखण्यासाठी, वणव्याच्या पहाऱ्यासाठी, छाटणीसाठी हवा. लेखापरीक्षण जरूर व्हावे, वर्षातून दोनदा व्हावे.

आणि वेळ पाळावी. कोशाचे पहिले पीक पावसाबरोबर, जून-जुलैत सुरू होते. अंडीपुंज त्याआधी हाती हवेत. जाळरेषा उन्हाळा लागण्यापूर्वी काढाव्या लागतात. त्यासाठी रक्कम डिसेंबरपर्यंत जमा झाली पाहिजे, 31 मार्चच्या रात्री नव्हे.